तालुक्याचा फौजदार

मामलेदाराने काय केले हे जमाबंदीच्या कागदांवरून कळते, मुन्सफाने काय केले हे त्याच्या निवाड्यांवरून कळते, आणि ओव्हरसियरने काय केले हे त्याने बांधलेल्या व अद्यापि पुरते न ढासळलेल्या मोरीवरून कळते. परंतु तालुक्याच्या गावी तीन-चार वर्षे राहून, रात्री-अपरात्री घोड्यावर मांड टाकून, जत्रा आणि मोहरम निर्विघ्नपणे पार पाडून जो फौजदार पुढच्या तालुक्याला बदलून गेला, त्याने काय केले हे सांगणारा कागद सापडणे कठीण. कारण जे त्याच्यामुळे घडले नाही, त्याची नोंद करण्यासाठी सरकारने कोणतीही वही आखून दिलेली नव्हती. ठाण्याच्या दप्तरात दरोडे आहेत, खून आहेत, विहिरीत सापडलेली प्रेते आहेत, चोरीस गेलेल्या पाटल्यांचे वजन तोळ्या-माशांत लिहिलेले आहे. दोन भावांत बांधावरून कुऱ्हाडी निघण्याच्या बेतात असताना दोघांनाही चौकीत बसवून, चहा पाजून, एकाच बैलगाडीतून घरी पाठविणाऱ्या अंमलदाराचा त्या दप्तरात मागमूस नाही.

अशा स्थितीत लोकस्मृतीत टिकून राहतात ते बहुधा वाईट अंमलदार. पुण्याचा कोतवाल घाशीराम सावळदास हे त्याचे ठळक उदाहरण होय. पुणे काही कसब्याचे गाव नव्हे, ते राजधानीचे शहर. तथापि पुढील पिढ्यांतील मराठी माणसाने पोलिसाच्या अंमलदाराकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर बऱ्याच अंशी या एका कोतवालाच्या कथेने घडविली असल्यामुळे त्याला ओलांडून पुढे जाता येत नाही. १७७७ मध्ये नाना फडणविसांच्या मर्जीने तो कोतवालीवर आला आणि चौदा वर्षे त्या जागी राहिला. १७९१ च्या ऑगस्टात, श्रावणमासातील दक्षिणेसाठी पुण्यास आलेले काही तैलंग ब्राह्मण परतीच्या वाटेवर त्याच्या बागेत उतरले, फळे तोडल्यावरून रखवालदारांशी त्यांचा कलह झाला, आणि चोर ठरवून त्यांना एका कोंदट जागेत कोंडण्यात आले. मानाजी फाकडे यांनी कुलूप तोडविले तेव्हा एकवीस जण गुदमरून मेलेले आढळले, अशी ती हकीकत सांगितली जाते. जमावाने पेशव्यांच्या वाड्यापुढे आक्रोश मांडला, नानांचा नाइलाज झाला, आणि कोतवालाची शहरातून धिंड निघून गारपिरावर दगडांनी त्याचा अंत करण्यात आला. १८६३ मध्ये मोरोबा कान्होबांनी त्याच्या नावाचे पुस्तक लिहिले, १९७२ मध्ये तेंडुलकरांनी नाटक लिहिले, आणि आज ते नाव उच्चारताच कोणासही आणखी काही सांगावे लागत नाही. घाशीरामाची तरफदारी करण्याचा माझा हेतू नाही. तो लोभी आणि उद्दाम होता याविषयी समकालीनांचे एकमत दिसते. मात्र चौदा वर्षांच्या सुमारे पाच हजार रात्री त्या शहरात जी गस्त फिरली, ती कोणी आणि कशी फिरविली, हे विचारण्याची गरज एकाही नाटककाराला भासली नाही, एवढे नमूद करून ठेवावेसे वाटते.

ती गस्त फिरविण्याची पद्धती पुण्यात उपजलेली नव्हती. अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त कोतवालाची कर्तव्ये सविस्तर सांगितली आहेत. त्याने शहरातील घरांची मोजदाद ठेवावी, प्रत्येक मोहल्ल्यावर एक मुख्य नेमून येणाऱ्या-जाणाऱ्याची वर्दी घ्यावी, शेजाऱ्यांना परस्परांच्या सुखदुःखाला बांधून टाकावे, वजने-मापे तपासावी, बेवारस मालाची यादी करावी, आणि ज्याचा खर्च मिळकतीहून अधिक दिसेल त्याच्यावर नजर ठेवावी. हे शेवटचे कलम वाचताना त्या काळच्या कारभाऱ्यांच्या व्यवहारज्ञानाचे कौतुक वाटते. पेशवाईत थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत कोतवालाला जी कलमे बांधून दिली, त्यांत हीच परंपरा मराठी पोशाखात दिसते: महत्त्वाचे तंटे तोडणे, बाजाराचे निरख ठरविणे, घरांच्या व जागांच्या खरेदी-विक्रीची नोंद घेणे, सरकारी कामास वेठबिगार पुरविणे, जुगाऱ्यांवर देखरेख ठेवणे आणि खानेसुमारी करणे. म्हणजे आजचा नगरपालिकेचा मुख्याधिकारी, वजनमापे निरीक्षक, दुय्यम निबंधक आणि पोलिस निरीक्षक हे सारे एकाच गादीवर, बुधवार पेठेतील एकाच चावडीत बसत होते. रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर सापडलेल्या इसमास सकाळपर्यंत चौकीत अडकवून ठेवीत. आणि पेशव्यांच्या चाकरीत असलेला टोन नावाचा गोरा अधिकारी तर अशी एक ऐकीव गोष्ट लिहून ठेवतो की, अवेळी बाहेर पडलेल्या खुद्द पेशव्यांनाही एकदा रात्रभर अडकून राहावे लागले होते. गोष्ट खरी असो वा नसो, ती सांगण्यासारखी वाटावी इतका दरारा त्या बंदोबस्ताचा होता खरा.

शहराबाहेर मात्र कोतवाल नव्हता. तेथे पाटील होता आणि पाटलाच्या हाताखाली जागल्या होता. हा जागल्या कोठे महार, कोठे रामोशी, कोठे भिल्ल वा कोळी असे. त्याला गावाकडून धान्याचे बलुते मिळे, आणि त्या बदल्यात गावातील प्रत्येक माणसाची चालचलणूक त्याला ठाऊक असावी अशी अपेक्षा असे. चोरी झाली की पहाटेच्या दंवात उमटलेली पावले तो काडीने मोजी, आणि तो माग काढीत आपल्या गावच्या शिवेपर्यंत जाई. शिवेवर शेजारच्या जागल्याला माग स्वाधीन केला की त्याची जबाबदारी सुटे, आणि ज्या गावाच्या हद्दीत माग हरवे त्या गावावर चोरीच्या भरपाईचा बोजा पडे. १८१९ मध्ये पेशव्यांपासून जिंकलेल्या मुलखाविषयीचा आपला अहवाल लिहिताना एल्फिन्स्टनने या व्यवस्थेचे बारकाईने वर्णन केले आहे, आणि ते वाचताना त्या मनुष्याच्या मनातील द्विधा लपत नाही. निर्दोष गावावर दंड बसविणे त्याच्या न्यायबुद्धीला पटत नव्हते. पण कलकत्त्याकडच्या नव्या पद्धतीने त्या प्रांतांत किती दरोडे माजले होते हेही तो जाणून होता. बाजीरावाच्या काळात नेमलेल्या तपासनवीस नावाच्या स्वतंत्र अंमलदारांनी चोरांपेक्षा रयतेलाच अधिक पिळले, हेही त्याने पाहिले होते. चोराचा शोध लावणे हेच ज्याचे उत्पन्नाचे साधन, त्याला चोर कमी झालेले कसे परवडावे?

कंपनी सरकारने रामोशांची वतने आणि राखणीचे हक्क खालसा करण्यास सुरुवात केल्यावर जे झाले, ते उमाजी नाईकांच्या चरित्रात आहे. पुरंदरच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राखणीला असलेले लोकच डोंगरात गेले, आणि त्यांना धरण्यासाठी पलटणी फिरवाव्या लागल्या. १८३२ च्या फेब्रुवारीत पुण्यात उमाजींना फाशी दिल्यावर पुढच्याच वर्षी कॅप्टन मॅकिंटॉशने रामोशांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्याला पकडण्यात सरकारची वर्षे गेली त्याचेच चरित्र सरकारच्या अधिकाऱ्याने लिहावे, आणि पकडणाऱ्या शिपायांपैकी कोणाचे कोणी लिहू नये, हा या विषयाचा स्वभावच आहे.

एल्फिन्स्टनच्या १८२७ च्या कायद्याने कलेक्टर हा मॅजिस्ट्रेट झाला, मामलेदार तालुक्याच्या पोलिसाचा मुख्य झाला, आणि गावात पाटील होताच. सारा वसूल करणारा आणि चोर धरणारा एकच, अशी ती रचना होती. सारा वसूल न झाल्यास मामलेदाराची नोकरी जाई आणि चोर न सापडल्यास फार तर ताकीद मिळे, तेव्हा त्याचे लक्ष कोणीकडे असावे हे सांगणे नको. पुढे १८४३ मध्ये चार्ल्स नेपियरने सिंधमध्ये आयर्लंडच्या धर्तीवर पोलिसाचे स्वतंत्र दल उभारले, त्याचा कित्ता मुंबई इलाख्याने पुढील दशकात गिरविला. जिल्ह्याला सुपरिंटेंडेंट आला आणि तालुक्याला मामलेदाराच्या बरोबरीने एक देशी पोलिस अंमलदार आला. १८६७ च्या सातव्या आणि आठव्या कायद्याने अनुक्रमे जिल्हा पोलिस आणि गाव पोलिस यांची घडी बसली. सरकारी कागदात तालुक्याच्या या अंमलदाराला चीफ कॉन्स्टेबल म्हणत. लोक त्याला फौजदारच म्हणत राहिले. मोगलाईत ज्या नावाचा सरदार घोडेस्वारांची तुकडी घेऊन अख्ख्या सरकारावर, म्हणजे अनेक परगण्यांच्या मुलखावर, अंमल करी, त्या नावाचा धनी आता दहा-वीस शिपाई, एक मोडकी कच्ची जेल आणि एक मोडी लिहिणारा कारकून यांवर तालुका सांभाळू लागला.

या फौजदाराचा दिवस कसा जाई? सकाळी ठाण्यात रोजनामा. रात्रीच्या गस्तीची वर्दी. पाटलांकडून आलेले कागद. एखाद्या गावी अपघाती मृत्यू झाला तर पाटलाने पंच जमवून मयताचा पंचनामा करावा आणि संशय वाटल्यास प्रेत डॉक्टरकडे रवाना करावे, असा नियम असे. तो कागद वाचून आपण स्वतः जावे की हवालदारास धाडावे हा निर्णय फौजदाराने एका क्षणात घ्यावयाचा, आणि तो चुकला तर त्याचा हिशेब सहा महिन्यांनी सेशन कोर्टात, बारिस्टराच्या उलटतपासणीत द्यावयाचा. घरझडतीसाठी वस्तीतील दोन प्रतिष्ठित इसम पंच म्हणून हवेत असे कायदा सांगे. तालुक्याच्या गावी प्रतिष्ठित इसम पुष्कळ असत, परंतु पंच म्हणून बोलावू गेले की ते नेमके परगावी गेलेले असत; त्यामुळे ठाण्याजवळचा पानवाला आणि समोरचा शिंपी हेच वर्षानुवर्षे पंच होत, आणि वकीलमंडळी त्यांना नावाने ओळखत. पाटलांपैकी शहाणा कोण, कागद कोणाचा विश्वासू, कोणाच्या वाड्यात चोरीचा बैल बांधलेला असूनही त्याची वर्दी कधीच येणार नाही, हे सारे नव्या फौजदाराला जुन्या हवालदाराकडून तोंडी कळे. वास्तविक तालुक्याची परंपरा चालविणारा पुरुष हा हवालदारच; फौजदार बदलत, तो राही. लोकनाट्यात राजाच्या दरबारी कोतवाल मिशा पिळीत उभा असतो आणि हवालदार सगळ्या लबाड्या करून मोकळा होतो, त्यात शाहिरांचे निरीक्षण मुळीच चुकलेले नाही.

तालुक्यातील खरी कसोटी वर्षातून दोन-चारदा येई. जत्रेत पटकीचा उद्भव झाला की डॉक्टरपेक्षा आधी पोलिस लागे. मोहरमचे ताबूत आणि गणपतीची मिरवणूक एकाच वाटेने जावयाची असली, की वाजंत्री कोठे थांबवायची, कोणत्या मशिदीपुढून किती पावले मुकाट्याने चालायचे, याचे परवाने लिहून द्यावे लागत. १८९४ मध्ये पुण्यात दारूवाला पुलापाशी गणपतीच्या मिरवणुकीवरून जी दंगल झाली त्यानंतर तर या कागदांना फारच महत्त्व आले. ज्या गावी फौजदार आठ दिवस आधीपासून दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांच्या ओटीवर जाऊन बसला, त्या गावी परवान्याचा कागद कोणी उघडूनही पाहिला नाही. आणि जेथे तो ठाण्यातच बसून राहिला, तेथे त्या कागदाच्या प्रती पुढे चौकशीत दाखल झाल्या.

भांडखोर, उनाड, उत्पन्नाचे साधन न सांगणारा असा कोणी असला तर त्याच्याकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन घेण्यासाठी जी 'चॅप्टर केस' करीत, ती फौजदाराच्या हातातील सर्वांत लवचिक काठी होती. गुन्हा शाबीत करावयाची गरज नव्हती. अमका मनुष्य घातकी आहे अशी सार्वत्रिक समजूत असल्याचे चार साक्षीदारांनी सांगितले की काम भागे. या काठीने कित्येक गुंड वठणीवर आले, आणि कित्येक सावकारांनी आपल्या कुळांनाही वठणीवर आणून घेतले.

येथे काळी बाजू सांगितलीच पाहिजे. १८५४ मध्ये मद्रासेत नेमलेल्या चौकशी मंडळापुढे रयतेच्या छळाच्या ज्या कहाण्या आल्या, त्यांनी सरकारलाही लाज आणली. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात घेऊ नये हे तत्त्व १८६१ च्या फौजदारी कार्यपद्धतीत आणि पुढे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात आले, ते त्याच अनुभवाचे फळ. आपल्याच नोकराच्या शब्दावर विश्वास ठेवू नका असे ज्या सरकारला कायद्यात लिहून ठेवावे लागते, त्या सरकारचा नोकर कोणत्या मनाने काम करीत असेल? १९०२-०३ च्या फ्रेझर कमिशनने हिंदुस्थानभर फिरून पोलिसाविषयी जो अभिप्राय दिला तो असा होता की, खाते अकुशल आहे, त्याची देखरेख अपुरी आहे, आणि लोक त्याला लाचखाऊ व जुलमी समजतात. शिपायाचा पगार निदान आठ रुपये तरी असावा, ही त्या कमिशनची एक शिफारस होती. त्यापूर्वी किती असेल याची कल्पना वाचकांनी करावी. कमिशननंतर सबइन्स्पेक्टरांची थेट भरती सुरू झाली, १९०६ मध्ये पुण्याजवळ भांबुर्ड्यास शिक्षणाची शाळा निघाली आणि १९०९ मध्ये ती नाशिकला गेली. इंग्रजी शिकलेला, कवायत केलेला, कायद्याची कलमे पाठ असलेला तरुण फौजदार आता तालुक्यात दिसू लागला.

पण त्याच काळात त्याच्या हाती एक भयंकर वस्तूही आली. गुन्हेगार जमातींचा कायदा मूळचा १८७१ चा. १९११ च्या सुधारणेने तो मुंबई इलाख्यास लागू झाला. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी अशा कित्येक जमातींतील माणसांना, त्यांनी काही केलेले असो वा नसो, ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे. परगावी जावयाचे तर दाखला घ्यावा लागे. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातील वसाहतीत तर पिढ्या वाढल्या. ज्या जागल्याने काडीने पावले मोजून गावाची राखण केली होती, त्याचा नातू त्याच गावच्या पाटलापुढे हजेरीला उभा राहिल्याची उदाहरणे या व्यवस्थेत असणारच, कारण रामोशीही तिच्या तावडीतून सुटले नव्हते. १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला. कागदावरची हजेरी बंद झाली. चोरी झाली की पहिली झडती कोणत्या पालावर घ्यायची याची सवय मात्र ठाण्यातून लवकर गेली नाही. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' ज्यांनी वाचले आहे, त्यांना फौजदार त्या पालातून कसा दिसत असे हे निराळे सांगावयास नको.

सातारा जिल्ह्यात १९४२ च्या पावसाळ्यात तालुक्याच्या कचेऱ्यांवर जे मोर्चे गेले, त्यांत या अधिकाऱ्यांच्या परीक्षेचा प्रसंग एकापाठोपाठ एक असा आला की, इतिहासकाराने मुद्दाम योजावा. २४ ऑगस्टला कऱ्हाडला मोर्चा गेला आणि गोळी न सुटता संपला. ३ सप्टेंबरला तासगावी हजारो लोक कचेरीवर चालून आले. तेथे मामलेदाराने गांधी टोपी घातली, कचेरीवर तिरंगा चढला, आणि लोक जयघोष करीत आपापल्या गावी परतले. त्यानंतर सहाच दिवसांनी, ९ सप्टेंबरला, वडूजच्या कचेरीवर परशुराम घार्गे अग्रभागी असलेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि नऊ माणसे पडली. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरास आणखी दोन. जिल्हा एकच, सरकार एकच, हुकूम एकच. तालुक्याच्या कचेऱ्यांतील खजिन्यावर सर्वत्र सारखाच सशस्त्र पहारा. तासगावची ती टोपी वरच्या साहेबांना किती बोचली असेल याची कल्पना करता येते, आणि माझ्या मते त्या आठवड्यात जिल्ह्याच्या शांततेची सर्वांत मोठी चाकरी तिनेच केली. वडूजच्या हुतात्म्यांचे स्मारक आहे, ते असलेच पाहिजे. गोळी सुटली नाही त्या ठिकाणी बंदुकीच्या चापावर ज्यांची बोटे होती त्या शिपायांची नावे मला कोणत्याही पुस्तकात आढळली नाहीत. पुढे प्रतिसरकारच्या काळात तर निम्म्या जिल्ह्यातील तंटे ठाण्यात येईनासे झाले. ते गावातच, क्रांतिकारकांच्या न्यायमंडळापुढे तुटू लागले, आणि फौजदाराची सत्ता सूर्यास्तानंतर तालुक्याच्या वेशीपाशी थांबू लागली. लोकांनी वर्दीच दिली नाही तर फौजदार किती पांगळा होतो, याचा तो चार वर्षांचा धडा होता.

स्वातंत्र्यानंतरचा भाग थोडक्यात सांगता येतो. १९५१ च्या मुंबई पोलिस कायद्याने जुने कायदे एकत्र केले; मोडीतील रोजनामे बालबोधीत आले; घोडा जाऊन मोटारसायकल, आणि मग जीप आली. १ जानेवारी १९६३ पासून पाटीलकीचे वतन संपले. १९६७ च्या कायद्याने पोलिस पाटील हा नेमणुकीचा, मानधनाचा गावकामगार झाला, आणि शिवेपर्यंत माग पोचविण्याची जबाबदारी कोणाचीच उरली नाही. तालुक्याच्या ठाण्यावर आता निरीक्षक बसतो; त्याच्या हाताखाली सहायक निरीक्षक, आणि फौजदार एकाच्या जागी चार-पाच, ते बंदोबस्ताच्या यादीत एकमेकांच्या सुट्या मोजणारे. तरीही त्या पदाचे खेड्यातील तेज कमी झालेले नाही. राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा निकाल लागला की एखाद्या शेतमजुराच्या मुलाचे किंवा मुलीचे नाव यादीत निघते, वेशीवर फलक लागतो, ट्रॅक्टरवर उभे करून गुलालात न्हाऊ घातलेल्या त्या भावी फौजदाराची वाजतगाजत मिरवणूक निघते, आणि ज्या पालातल्या म्हाताऱ्यांनी हजेरी दिलेली आहे त्या पालातूनही कधी कधी अशी मिरवणूक निघते. नाशिकच्या प्रबोधिनीत रुजू होण्याची तारीख त्यानंतर पुष्कळ दिवसांनी येते.